देवाचा दरबार

देवाचा दरबार ही मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात सातारा येथे सुरू केलेली ख्रिस्तभक्तांची मंडळी होय. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी एका बंधुत्वात एकत्र यावेत आणि त्यांच्या वैयक्तिक तसेच सामुदायिक जीवनाच्या मध्यभागी केवळ ख्रिस्त असावा, हा तिचा हेतू होता. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन टिळकांनी हे कार्य हाती घेतले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दरबार संस्था म्हणून टिकला नाही. दोन वर्षांचेही आयुष्य न लाभलेल्या या प्रयोगाची नोंद भारतीय ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात मात्र वारंवार घेतली जाते. ख्रिस्ती मंडळीचे केंद्र ख्रिस्त आहे की तिला पोसणारी संस्था, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या उघडपणे पूर्वी क्वचितच विचारला गेला होता.

पार्श्वभूमी

मराठी भाषेतील ख्रिस्ती भक्तिपरंपरा बरीच जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास मात्र त्या परंपरेशी जोडलेला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने चालवले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः दुष्काळांच्या काळात, नगर जिल्ह्यातील खेड्यांतून महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत आली. ज्यांना गावाच्या विहिरीवर आणि देवळाच्या पायरीवर जागा नव्हती, त्यांना शाळेतील बाकावर आणि उपासनेतील ओळीत जागा मिळाली. ही गोष्ट लहान नव्हती.

याच काळात एक अडचणही निर्माण झाली. गावचा शिक्षक, उपदेशक आणि पाळक हे सारे बहुधा मिशनच्या पगारावर असत. मंडळीचे निर्णय मिशनरी साहेबांच्या संमतीने होत. उपासनेचा क्रम, गीतांच्या चाली, बसण्याची पद्धत आणि मंडळ्यांतील पंथभेददेखील परदेशातून आलेले होते. अमेरिकेतील किंवा स्कॉटलंडमधील मंडळ्या ज्या कारणांनी वेगळ्या झाल्या, त्या कारणांशी राहुरीच्या शेतमजुराचा काही संबंध नव्हता. तरीही त्याचा बाप्तिस्मा कोणत्या मिशनमध्ये झाला यावरून त्याची मंडळी ठरत असे. शिवाय शेजाऱ्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे जात, भाषा, पोशाख आणि देश सोडून साहेबाचा होणे, असाच अर्थ झाला होता.

या परिस्थितीवर तोड काढण्याचे प्रयत्न भारतात इतरत्र टिळकांच्या आधी झाले होते. मद्रासमध्ये १८८६ साली डॉ. पराणी अँडी यांनी 'नॅशनल चर्च'ची स्थापना केली. कलकत्त्यात १८८७ साली कालीचरण बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ख्रिस्तो समाज' स्थापन केला. या दोन्ही प्रयत्नांत पंथभेद दूर करण्यावर आणि भारतीयांच्या स्वतंत्र कारभारावर भर होता. टिळकांचा दरबार त्यांच्यापेक्षा एका बाबतीत निराळा ठरतो. त्याचा उगम कारभाराच्या वादातून न होता एका कवीच्या भक्तीतून झाला.

टिळकांचा मार्ग

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भक्तिमार्गी होत्या आणि काव्याची ओढ टिळकांना त्यांच्याकडूनच मिळाली. वडील वामनराव यांचा स्वभाव मात्र तापट होता. पुढे टिळक नाशिकला आले व गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. विवाहानंतरही ते एका ठिकाणी फार काळ स्थिरावले नाहीत. शिक्षकी, कीर्तन-प्रवचन, ग्रंथसंपादन अशी निरनिराळी कामे करत ते गावोगाव फिरले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. जातिभेद आणि कर्मकांड यांवरील त्यांचा विश्वास या काळात उडाला होता. देशाच्या ऐक्यासाठी एखादा नवा धर्मच शोधला पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी भेट झाली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी केवळ दिलेल्या शब्दासाठी वाचन सुरू केले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते थांबले आणि तेथून त्यांना पुढे जाववेना. आपण शोधत असलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत, असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा तपशील दरबार समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. टिळक ख्रिस्ताकडे आले ते ग्रंथ वाचून. एखाद्या मंडळीच्या सहवासातून किंवा मिशनच्या शाळेतून नव्हे. त्यांच्या बाबतीत ख्रिस्त आधी आला व मिशन नंतर. मिशनशी असलेल्या पुढील बावीस वर्षांच्या संबंधात हा क्रम त्यांनी कधी उलटू दिला नाही.

या निष्ठेची किंमत प्रथम त्यांच्या घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांना बाप्तिस्म्याची बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पदरात मुलगा देवदत्त होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. समाजाच्या दृष्टीने त्याच्याजवळ राहणे अशक्य आणि त्याच्यावाचून राहणेही तितकेच लाजिरवाणे. पुढील सुमारे पाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. टिळक त्यांना पत्रे लिहीत, कविता पाठवीत. ख्रिस्ताला केंद्र मानणे म्हणजे काय, याची चर्चा ग्रंथांतून सोपी वाटते. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला मात्र दिसते की, एका माणसाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्या माणसाला, त्याला न विचारता, उचलावा लागला होता. चरित्रकारांनी टिळकांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले आहे. या बाजूविषयी लक्ष्मीबाईंनीच लिहिले, तेही आपल्या स्वभावाप्रमाणे हसत हसत.

पुढे लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सुरुवातीला त्यांचे सोवळे, पाणी, स्वयंपाक सारे वेगळे होते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम जातिभेद गेला. माणूस देवाने केला आणि जाती माणसाने केल्या, या विचारावर त्या स्वतःच्या बुद्धीने येऊन पोहोचल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. पुढील आयुष्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या श्रद्धाळूविषयी टिळकांनी जो धीर दाखवला, त्याचा पहिला धडा त्यांच्या स्वयंपाकघरातच गिरवला गेला, असे म्हणण्यास जागा आहे.

नगरमधील वर्षे

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवत असत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. शालेय पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या त्यांची ओळख 'केवढे हे क्रौर्य' या कवितेचे कवी आणि 'फुलांमुलांचे कवी' अशी झाली. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम मात्र ख्रिस्ती उपासनेसाठी लिहिलेली गीते हे आहे.

त्या काळी मराठी मंडळ्यांत गायली जाणारी बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. अर्थ बरोबर असे, परंतु मराठी वृत्ताचा आणि परदेशी चालीचा मेळ बसत नसे. शब्दांवर भलत्याच ठिकाणी आघात पडे. देशी चालींतील रचना टिळकांच्या आधीही झाल्या होत्या. तो प्रवाह टिळकांनी रुंद केला. त्यांनी अभंग, ओवी, पद, आरती हे घरोघरी मुरलेले प्रकार घेतले. 'अभंगांजली'तील रचनांत ख्रिस्त हा सिद्धान्ताचा विषय उरत नाही. तो गुरू आहे, सखा आहे आणि माउली आहे. देवाला आई म्हणणे वारकऱ्याला नवे नव्हे. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र ते टिळकांमुळे रुळले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. टाळ, मृदंग आणि एकतारी यांच्या साथीने होणारे ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी लोकप्रिय केले. कीर्तनाला जमणाऱ्या श्रोत्यांत ख्रिस्ती आणि हिंदू असा भेद करता येत नसे, आणि कीर्तनकाराला तो करायचाही नव्हता.

टिळकांच्या घरातही असेच चित्र होते. अनाथ मुले, कवी, विद्यार्थी, वाट चुकलेले पाहुणे यांची तेथे सदैव वर्दळ असे. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, टिळकांच्या कुटुंबात राहण्यास आले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या जिव्हाळ्यात काही उणे पडले नाही. दरबाराची कल्पना कागदावर उतरण्यापूर्वी ती या घरात काही अंशी जगली जात होती.

मिशनचा निरोप

मंडळीच्या परावलंबनाविषयी टिळक बराच काळ अस्वस्थ होते. मिशनऱ्यांविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती. अनेकांशी त्यांची निकट मैत्री होती. परंतु मिशनऱ्यांनी मायबाप व्हावे आणि भारतीय ख्रिस्ती जनांनी कायम लेकरे राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. या विषयावर त्यांनी गद्यात आणि पद्यातही कठोर शब्दांत लिहिले. त्यांची टीका दोन्ही बाजूंना लागू होती. हुकूम सोडणाऱ्याइतकाच दोष हुकुमाची वाट पाहत बसणाऱ्याचा आहे, असे त्यांचे मत होते. पगार थांबला की ज्याची सेवा थांबते, त्याच्या सेवेच्या केंद्रस्थानी कोण आहे, हा प्रश्न त्यांनी इतरांना विचारला तसा स्वतःलाही विचारला.

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाकडे झुकताना, त्यांना काही काळ तीव्र आध्यात्मिक अनुभव आले. त्यांतून आपण आता संन्यासी व्हावे, असा निश्चय झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेचा त्यांनी राजीनामा दिला. निरोप घेताना भांडण झाले नाही.

टिळकांचा संन्यास रूढ अर्थाचा नव्हता. घरदार, बायको-मुले सोडून अरण्यात जाणे त्यांना अभिप्रेत नव्हते. तसे करून लक्ष्मीबाईंना दुसऱ्यांदा एकटे टाकणे हे तर त्यांच्या श्रद्धेतच बसले नसते. ज्याला आपले असे वेगळे काही उरले नाही आणि म्हणून सर्वांचे सर्व काही आपले झाले, तो संन्यासी, असा त्यांचा आशय होता. कवी, पती, पिता ही नाती राहिली. नोकरदाराचे नाते तेवढे सुटले.

दरबाराचे स्वरूप

कार्यासाठी टिळकांनी साताऱ्याची निवड केली. नावातील 'दरबार' हा शब्द विचारपूर्वक घेतलेला दिसतो. 'मंडळी' हा शब्द मिशनच्या संघटनेशी बांधला गेला होता. 'समाज' म्हटले की प्रार्थनासमाज किंवा आर्यसमाज यांची आठवण होई. मराठी माणसाला दरबार म्हटल्यावर एक गोष्ट आपोआप समजते. तेथे राजा एकच असतो, आणि जो राजाच्या समोर उभा राहतो त्याला वशिल्याची गरज उरत नाही. मराठेशाहीच्या गादीच्या गावात हा शब्द वापरताना कवीच्या मनात ही छटा नसेल, असे वाटत नाही.

दरबारात प्रवेशाची अट एकच होती: ख्रिस्ताला गुरू व प्रभू मानून त्याच्या मागे चालण्याची तयारी. जात, पंथ, मिशन आणि बाप्तिस्मा यांपैकी कशाचीही विचारणा नव्हती. दरबार म्हणजे नवे चर्च नव्हे, हे टिळकांनी स्पष्ट केले होते. दरबारी माणसाने आपली मंडळी सोडावी, अशी अपेक्षा नव्हती. सर्व पंथांच्या ख्रिस्ती जनांना, तसेच जे ख्रिस्तावर प्रेम करतात परंतु कोणत्याही मंडळीत नाहीत त्यांना, एकमेकांजवळ बसता येईल अशी एक जागा हवी होती. ती भारतीय वळणाची असावी आणि परदेशी पैशावर उभी नसावी, एवढे त्यांनी पाहिले.

दरबाराची शिस्त बाहेरून आतल्या दिशेने जाणारी नसून आतून बाहेर येणारी होती. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येकाचे ख्रिस्ताशी असलेले वैयक्तिक नाते: एकान्तातील प्रार्थना, शुभवर्तमानाचे मनन, नामस्मरणासारखे अखंड अनुसंधान. टिळकांच्या उत्तरकाळातील अभंगांत हा सूर सर्वत्र ऐकू येतो. मी आणि ख्रिस्त यांत अंतर उरू नये, ही तळमळ त्यांत आहे. त्यानंतर येई एकत्र भजन आणि सत्संग, आणि त्याच्याच पोटी सेवा. चर्चासभा, समित्या, अहवाल यांना त्यात गौण स्थान होते. संस्थेच्या दृष्टीने हा दुबळेपणा होता आणि तो पुढे उघडा पडला.

बाप्तिस्म्याचा प्रश्न

दरबारातील सर्वांत नाजूक प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेश करण्याचा संस्कार आहे आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस तो येशूच्या आज्ञेतच सांगितला आहे. टिळक स्वतः बाप्तिस्मा घेतलेले आणि दीक्षित पाळक होते. हा संस्कार निरर्थक आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

त्यांची अडचण व्यवहारातील होती. तत्कालीन महाराष्ट्रात बाप्तिस्मा म्हणजे एका समाजातून उठून दुसऱ्या समाजात जाणे, असा सामाजिक अर्थ रूढ झाला होता. वारसाहक्क, विवाहसंबंध, पंगत, पाणवठा या सर्वांवर त्याचा परिणाम होई. ख्रिस्तावर श्रद्धा बसलेल्या एखाद्या स्त्रीपुढे किंवा तरुणापुढे त्यामुळे दोनच वाटा राहत: घर तोडणे, किंवा श्रद्धा लपवणे. टिळकांनी पहिली वाट स्वतः चालून पाहिली होती आणि तिचे काटे कुणाच्या पायात मोडतात, हेही पाहिले होते. दरबाराने तिसरी जागा देऊ केली. आधी ख्रिस्तापाशी बसा. पुढचे पाऊल केव्हा व कसे टाकायचे हे त्याच्यासमोर ठरवा, अशी ती भूमिका होती.

या भूमिकेवरील आक्षेपही खरे होते आणि ते केवळ परदेशी मिशनऱ्यांचे नव्हते. बाप्तिस्मा न घेणे परवडते कुणाला? ज्याला सोडण्यासारखी जात व मालमत्ता आहे त्याला. खेड्यातील ज्या महार-मांग कुटुंबांनी गावाचा रोष पत्करून उघडपणे पाण्यात उतरून साक्ष दिली, त्यांच्या धैर्याचे मोल अशा सवलतीने कमी होते, असे म्हणता येईल. तसेच ख्रिस्ताला केंद्र मानून जातीची बंधने पाळत राहिलेला मनुष्य प्रभुभोजनाच्या मेजावर कुणाशेजारी बसणार, हा प्रश्न दरबाराने सोडवला नव्हता. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जातिभेद आधी गेला आणि बाप्तिस्मा नंतर आला. सर्वांच्या बाबतीत तो क्रम लागेलच याची हमी नव्हती. टिळकांना आणखी आयुष्य मिळते तर या प्रश्नाला त्यांना तोंड द्यावेच लागले असते.

पुढे १९६० नंतरच्या दशकात काय बागो, एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्यात, ख्रिस्ती श्रद्धेसाठी हिंदू समाज सोडणे व मंडळीत येणे आवश्यक आहे काय, या विषयावर जो वाद झाला त्याचे मूळ मुद्दे हेच होते.

शेवट

दरबाराला स्थिर होण्यास वेळ मिळाला नाही. मे १९१८ मध्ये भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. टिळक कुटुंबाला तो स्वतःच्या मुलाच्या मृत्यूसारखा होता. पुढील वर्षी टिळकांची स्वतःची प्रकृती ढासळली व ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दरबार त्यांच्यामागे का चालला नाही, याची कारणे फारशी गूढ नाहीत. घटना, निधी आणि उत्तराधिकारी यांपैकी एकही गोष्ट टिळकांनी तयार केली नव्हती. मिशनच्या मंडळ्यांत त्यांच्याविषयी आदर होता, परंतु दरबारासाठी स्वतःची नोकरी सोडणारे त्यांत थोडे. मंडळीबाहेरचे ख्रिस्तप्रेमी टिळकांच्या वाणीने ओढले गेले होते आणि ती वाणी थांबली. ख्रिस्ताशिवाय दुसरे केंद्र नको असा आग्रह धरलेल्या मंडळीचे व्यवहारातील केंद्र टिळक हेच होते, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूने दाखवून दिली.

वारसा

दरबाराची कल्पना काही ठिकाणी निराळ्या रूपात पुढे गेली. नगर भागात काम करणारे इंग्रज धर्मगुरू जे. सी. विन्स्लो हे टिळकांच्या विचारांनी प्रभावित झाले होते. १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी, १९२२ मध्ये, त्यांनी ख्रिस्तसेवा संघ स्थापन केला. भारतीय आणि युरोपियन सदस्यांनी एकत्र, साध्या आश्रमीय पद्धतीने राहावे, हा संघाचा क्रम होता. विन्स्लो व निकोल मॅक्निकल यांनी केलेल्या भाषांतरांमुळे टिळकांची काही गीते इंग्रजी उपासनासंग्रहांतही गेली. गीतांचा प्रवास त्या एका बाबतीत उलट दिशेने झाला.

पंथभेद दूर व्हावेत, ही टिळकांची दुसरी इच्छा अंशतः आणि अगदी वेगळ्या मार्गाने पूर्ण झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-संघटनांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ही एकीकरणे वाटाघाटी, ठराव आणि घटनासमित्या यांतून झाली. टिळकांना ज्या गोष्टींचा कंटाळा होता, त्यांच्याशिवाय ती झालीही नसती.

घरात टिळकांचे काम लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्र सुरू केले होते. सुरुवातीचे अध्याय लिहून झाल्यावर ते अपुरे राहिले. ज्यांना माहेरी औपचारिक शिक्षण मिळाले नव्हते आणि ज्यांनी एके काळी पतीच्या धर्मांतराने अन्न सोडण्याची वेळ पाहिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले बहुतेक सर्व अध्याय लिहिले. ग्रंथाची अखेर मुलगा देवदत्त याने केली आणि १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात भागांनी प्रकाशित झाली आणि मराठी आत्मचरित्रांत तिने अग्रस्थान मिळवले. टिळकांच्या श्रद्धेचे ते सर्वांत विश्वसनीय साधन आहे, कारण त्यात त्यांचा विसराळूपणा, तापटपणा आणि हट्टही तितक्याच मोकळेपणाने आला आहे.

मराठी मंडळ्यांतील 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत. पंथ कोणताही असो, रविवारच्या उपासनेत, घरगुती प्रार्थनेत आणि अंत्यविधीच्या वेळी ती गायली जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना देवाचा दरबार हे नाव माहीत नसते.